टिक् वाजलं म्हणजे बोल्ट बसला? ४० ते २१० चा टॉर्क रेंच वापरल्यावर

रेंच घेण्याजोगा आहे, त्याच्यासोबत येणारी अँगल डायल, म्हणजे बोल्ट किती अंश फिरला ते दाखवणारी चकती, नाही. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण घेण्याआधी मी वाचलेली बहुतेक परीक्षणं "मजबूत आहे, पेटी सुंदर आहे" याच्या पुढे जात नव्हती, आणि इंजिनच्या बोल्टला पेटीशी काही देणंघेणं नसतं.

वस्तू अशी: अर्धा इंची चौकोनी ड्राइव्ह, क्लिक पद्धतीचा (लावलेला टॉर्क, म्हणजे पीळ, गाठला की टिक् वाजते), ४० ते २१० न्यूटन-मीटर, लांबी अर्ध्या मीटरच्या थोडी वर. पेटीत कॅलिब्रेशनचा कागद, एक छोटं एक्स्टेन्शन आणि चुंबकाच्या पायाची अँगल डायल. ब्रँडचं नाव देत नाही. हाच साचा निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या रंगांच्या मुठी लावून विकला जातो, तेव्हा नाव पाहण्यापेक्षा खाली लिहिलेल्या गोष्टी तपासून घेतलेल्या बऱ्या. माझी कामं म्हणजे हब नट, क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, सस्पेन्शनचे मोठे बोल्ट आणि हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील). हे सगळं मी घरीच करते. मदतीला दादा असतो. ब्रेक दाबून धरणं आणि मतं देणं ही दोन खाती त्याच्याकडे. "हाताला कळतं गं, किती आवळायचं ते," हे त्याचं कायमचं पालुपद. सहा-आठ मिलिमीटरच्या बोल्टला त्याचं म्हणणं मी एकवेळ मान्य करीन. मोठ्या बोल्टला हात फसतो, कारण तिथे हाताला कळतो तो फक्त दांड्याचा लांबपणा.

आधी रेंच. मूठ फिरवून आकडा लावायचा, खालची कळ आवळून तो कुलूपबंद करायचा. कोरीव खुणा आहेत, छापील नाहीत, ही चांगली गोष्ट. तेलकट हातांनी पुसल्या जात नाहीत. वाईट गोष्ट अशी की एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड, दोन्ही सारख्याच जाडीत. दिव्याच्या उजेडात चाकाच्या कमानीत वाकून बघताना दांडा उलटा फिरला तर चुकीची बाजू वाचली जाण्याची पुरेपूर सोय आहे. १०० फूट-पाउंड म्हणजे १३५ न्यूटन-मीटरहून जास्त. मी फूट-पाउंडच्या बाजूवर काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. तुमच्या गाडीचं दुरुस्तीचं मॅन्युअल जुनं असेल तर आकडे किलोग्रॅम-फोर्स मीटरमध्येही असू शकतात, त्याला ९.८ ने गुणायचं.

टिक् कशी आहे? १०० च्या वर खणखणीत, मुठीत धक्का जाणवतो. ५० च्या आसपास इतकी हळू की बाजूला पंखा चालू असेल तर ऐकू येणार नाही, तळव्यानेच ओळखावी लागते. रॅचेटला ७२ दाते आहेत, म्हणजे ५ अंशांत पुढचा दाता. अडचणीच्या जागी याचा फार उपयोग होतो. आणि लांबी. माझं वजन बेताचं आहे. २०० न्यूटन-मीटरचा हब नट अर्ध्या मीटरच्या दांड्याने आवळायचा म्हणजे मुठीवर ४० किलोंचा जोर लागतो. तो मला जमतो, पण झटका न देता, एका संथ ओढीत जमवायला पाय नीट रोवावे लागतात. यापेक्षा आखूड रेंच असता तर मी तो परत केला असता. मुठीवर पाइप चढवून लांबी वाढवायची युक्ती इथे चालत नाही. रेंचचं माप मुठीवरच्या खुणेपाशी हात धरून ठरवलेलं असतं, हात सरकला की आकड्यावरचा भरवसा गेला. सरळ एक्स्टेन्शन सॉकेटला लावलं तर मात्र टॉर्क कमी होत नाही. तो गैरसमज पुष्कळांच्या डोक्यात पक्का बसलेला दिसतो.

वरची मर्यादा २१०. बऱ्याच गाड्यांना पुरते, सगळ्यांना नाही. होंडाच्या के मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांच्या क्रँक पुलीचा बोल्ट २४५ न्यूटन-मीटरचा असतो. तिथे हा रेंच कामाचा नाही, आणि "२१० वर टिक् होऊ दे, मग अजून थोडं ओढते" हा हिशेब मनातसुद्धा आणू नये. खालची मर्यादाही तेवढीच खरी. असल्या रेंचवर स्केलच्या तळाशी विश्वास कमी ठेवायचा असतो, म्हणून चांगले उत्पादक स्केलची सुरुवातच कमाल आकड्याच्या साधारण पाचव्या हिश्शापासून करतात. स्पार्क प्लग आणि सम्पचा ड्रेन प्लग (इंजिनचं तेल काढायचं बूच) यांसाठी वेगळा, लहान रेंच लागेल.

आता कॅलिब्रेशनच्या कागदाबद्दल, कारण परीक्षणं लिहिणारे यावर फार भाळतात. त्यावर उणे-अधिक ४ टक्के लिहिलेलं आहे. आयएसओ ६७८९ या मानकात या प्रकारच्या रेंचला तेवढीच सूट आहे, त्यामुळे त्यात विशेष काही नाही, पण खोटंही काही नाही. १०० लावला तर ९६ ते १०४. उत्तम. पण आपल्याला टॉर्क नको असतो. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण, म्हणजे तो दोन भागांना किती जोराने दाबून धरतो ते. तो मोजणारं काहीही या रेंचमध्ये नाही. रेंच मोजतो तो फिरवण्याचा विरोध, आणि त्या विरोधातला बहुतांश वाटा घर्षणाचा. ढोबळ हिशेब असा की आपण लावलेल्या पिळातला निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या १० टक्क्यांवर सगळा संसार.

मग घर्षण बदललं की काय होतं ते पाहा. १२ मिलिमीटरचा बोल्ट, १०० न्यूटन-मीटर. आटे कोरडे असतील तर ताण येतो साधारण ४२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टन. तोच बोल्ट, तेच १०० न्यूटन-मीटर, पण आट्यांना आणि डोक्याखाली तेल: ५५ किलोन्यूटनच्या पुढे. एक तृतीयांश जास्त, आणि रेंच दोन्ही वेळा त्याच ४ टक्क्यांच्या अचूकपणाने टिक् करणार. गंजलेल्या, जुना डिंक चिकटलेल्या आट्यांवर उलटा प्रकार: टिक् वेळेवर, ताण अर्धवट. केवळ टॉर्कवर आवळलेल्या बोल्टांत ताणाचा फरक २५-३० टक्के सहज पडतो, तोसुद्धा काम नीट केलेलं असताना. म्हणून मॅन्युअलमध्ये "आट्यांना इंजिन ऑइल" किंवा "कोरडे ठेवा" असं लिहिलेलं असतं तो आकड्याचाच भाग असतो. कोरड्यासाठी दिलेला आकडा आणि वर आपल्या मनाचं ग्रीस, यात भलं कुणाचंच होत नाही. थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक) ओला असताना तेलासारखाच वागतो, हेही लक्षात असू द्या.

याच कारणाने गाडी बनवणाऱ्यांनी अंश आणले. आधी लहानसा टॉर्क, सगळे भाग एकमेकांना टेकेपर्यंत. त्यानंतर आकडा बघायचा नाही, बोल्ट ठरावीक कोनातून फिरवायचा. कोनाला घर्षणाशी कर्तव्य नसतं. १.५ मिलिमीटर पिचचा (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट ९० अंश फिरला की पुढे सरकणार ०.३७५ मिलिमीटर, तेल असो वा नसो. त्यातलं थोडं गॅस्केट आणि हेड दबण्यात जातं, बाकीचं बोल्टच्या लांबण्यात. फोक्सवॅगनच्या बऱ्याच १.९ टीडीआय इंजिनांत क्रँकवरच्या दातेरी चाकाचा बोल्ट १२० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश असा आवळतात. माझदाच्या एल मालिकेत आणि तिच्याच घराण्यातल्या फोर्ड ड्युराटेक-एचई इंजिनांत क्रँक पुलीचा बोल्ट १०० आणि वर ९० अंश. या शेवटच्या जोडीत आणखी एक गंमत आहे, जी माहीत नसताना कुणी त्या बोल्टला हात लावू नये: क्रँकवर चावीची खाच नाही. टायमिंग चेनचं (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवणाऱ्या साखळीचं) दातेरी चाक क्रँकवर जागेवर राहतं ते निव्वळ त्या एका बोल्टच्या दाबाने. बोल्ट ढिला केला की टायमिंग मोकळं. तिथे "बसला वाटतं" याला काही अर्थ नाही. आणि टायमिंगच्या पिना जागा दाखवायला असतात, पीळ सोसायला नाही. पुली धरायला तिचा होल्डरच लागतो.

तर कोन मोजायला पेटीत दिलेली ती डायल. सॉकेट आणि दांडा यांच्यामध्ये बसते, एक लवचीक हात निघतो, त्याच्या टोकाला चुंबक. तो जवळपासच्या लोखंडाला चिकटवायचा आणि सुई शून्यावर आणायची. कागदावर छान. प्रत्यक्षात हेड अॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह कव्हरची जागा अॅल्युमिनियमची, आजूबाजूला प्लास्टिक. चुंबकाने चिकटायचं कुठे? मी इंजिन उचलायच्या कड्याला चिकटवला, तर जोर लावताच लवचीक हात लवला आणि सुई बोल्टच्या आधी निघाली. शिवाय डायलच्या दोन्ही चौकोनांत ढिलाई आहे, सुईचे दोन-चार अंश तिच्यातच जातात. आणि डायल एक्स्टेन्शनच्या वर बसत असल्याने एक्स्टेन्शनचा पीळही ती बोल्टच्या खात्यात जमा करते. लांब, बारीक एक्स्टेन्शन असेल तर डायल ९० दाखवते आणि बोल्ट त्याहून कमी फिरलेला असतो.

मी शेवटी पेंटचा मार्कर घेतला. पहिला टॉर्क झाला की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एक ठिपका, सगळे एकाच दिशेला. ९० अंशांनंतर सगळे ठिपके काटकोनात आले पाहिजेत. कुठला बोल्ट राहिला, कुठला दोनदा फिरला, लांबूनही दिसतं. दुसरे ९० झाले की ठिपके बरोबर उलट बाजूला. मॅन्युअलमध्ये ६० किंवा १३० अंश दिलेले असतील तेव्हा कागदावर कोन काढून, कापून, सॉकेटभोवती धरते. एवढं करून डायलपेक्षा बरं माप मिळतं, यावरून डायलची योग्यता समजा. कोनाच्या टप्प्याला मी टॉर्क रेंच बाजूला ठेवते आणि साधा लांब ब्रेकर बार घेते, कारण शेवटच्या अंशांत पीळ २१० च्या वर जाऊ शकतो आणि मोजायच्या हत्याराला तो सोसायला लावण्यात अर्थ नाही.

आता ज्यासाठी बहुतेक जण असला रेंच शोधत येतात तो प्रश्न: काढलेला बोल्ट परत वापरायचा का? दादाचं उत्तर तयार असतं. "आटे शाबूत आहेत, घट्ट बसतोय, फेकायचा कशाला?" आणि इथे टॉर्क रेंच दादाच्या बाजूने साक्ष देतो, हीच अडचण आहे. नुसत्या टॉर्कवर आवळलेला बोल्ट बहुधा आपल्या लवचीक हद्दीतच राहिलेला असतो. सोडला की मूळ लांबीवर येतो; आटे, डोकं आणि बसायची जागा स्वच्छ असेल आणि मॅन्युअलची ना नसेल तर तो पुन्हा वापरायला माझी हरकत नसते. कोनावर आवळलेले बरेच बोल्ट मात्र जाणूनबुजून त्या हद्दीच्या पार नेलेले असतात. तिथे फायदा असा की कोन थोडा कमी-जास्त झाला तरी ताण फारसा बदलत नाही, सगळे बोल्ट सारखे दाबतात. तोटा असा की लांबलेला बोल्ट पूर्ण परत येत नाही. जुन्या पायजम्यातलं इलॅस्टिक जसं गाठ मारली की घट्ट वाटतं, पण ताणायला त्याच्यात फारसं काही उरलेलं नसतं, तसा. त्याला पुन्हा पहिला टॉर्क लावा, टिक् अगदी वेळेवर होईल. पुन्हा ९० अंश द्या, तेही जातील. फक्त तुटण्यापूर्वीची जी शिल्लक होती तिच्यातून आणखी खर्च झाला, आणि किती झाला हे ना टिक् सांगते ना डायल.

कोनावर आवळायचा प्रत्येक बोल्ट टाकाऊच असतो असंही नाही. सगळेच हद्द ओलांडत नाहीत. म्हणून मॅन्युअल उघडावं लागतं, आणि तिथे उत्पादकांच्या तऱ्हा वेगळ्या. काही सरळ "नवा घाला" म्हणतात, विषय संपला. काही लांबी मोजायला सांगतात. मर्सिडीजच्या ओएम ६०३ डिझेलमध्ये हेड बोल्ट तीन लांबींचे, ८०, १०२ आणि ११५ मिलिमीटर. ते अनुक्रमे ८३.६, १०५.६ आणि ११८.६ च्या पुढे गेले की बाद. म्हणजे साडेतीन मिलिमीटर लांबेपर्यंत तो बोल्ट कामाचा! टोयोटासारखे काही जण लांबीऐवजी आट्यांच्या भागातला सगळ्यात बारीक झालेला व्यास मोजायला लावतात. त्यामुळे या रेंचच्या बरोबरीने कुठली वस्तू घ्यावी असं कुणी विचारलं तर मी व्हर्नियर कॅलिपर म्हणेन, डायल नाही. कॅलिपर हाताशी येईपर्यंतची एक चाचणी: नवा, त्याच मापाचा नट बोल्टवर बोटांनी फिरवत न्यायचा. स्वच्छ आट्यांवर तो मध्येच एका जागी जड होत असेल तर तिथे पिच ताणली गेली आहे. नट सरळ गेला म्हणून बोल्ट पास झाला असं नव्हे. अडला तर मात्र नक्की नापास.

बीएमडब्ल्यूचं एन ५२ इंजिन हा वेगळाच मामला. क्रँककेसचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा, आणि स्टीलचा बोल्ट मॅग्नेशियममध्ये बसवला की गंजाची लागण होते, म्हणून तिथे बरेच बोल्ट अॅल्युमिनियमचे आहेत. ते एकदाच वापरायचे, कोनावर आवळायचे. ओळखायला सोपे: चुंबक चिकटत नाही. डायलचं चुंबक शेवटी या एका कामाला उपयोगी पडेल.

कोनाच्या टप्प्यात हाताला एक गोष्ट खरंच कळते, एवढं दादाच्या पदरात टाकायला हवं. चांगला बोल्ट फिरताना विरोध वाढत जातो, मग एका पातळीवर टिकतो. तो अचानक मऊ लागला, विरोध उतरायला लागला, तर तिथेच थांबायचं आणि बोल्ट बाहेर काढायचा. एक तर तो तुटायच्या बेतात आहे किंवा ब्लॉकमधले आटे सुटताहेत.

भोकांबद्दल थोडक्यात. बंद भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट ते दाबतो आणि द्रव दबत नाही. ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि त्याआधी रेंच खोटी टिक् देतो. हवा मारून, चिंधी घालून भोक कोरडं करायचं, डोळ्यांना चष्मा लावून. आटे साफ करायला चेसर वापरावा, तो आहेत तेच आटे साफ करतो. आटे पाडायचा टॅप नवा धातू कापतो. हेड आवळताना मधून बाहेर, काढताना बाहेरून आत, तेही टप्प्याटप्प्याने.

या रेंचने करू नयेत अशा दोन गोष्टी, कारण दोन्ही मी इतरांना करताना पाहते. याने बोल्ट सोडवायचा नाही. गंजलेला बोल्ट सुटायला आवळण्यापेक्षा कितीतरी जास्त पीळ मागतो आणि तो मोजायचा रस्ता याच्याकडे नाही. आणि आवळून झालेल्या बोल्टवर "खात्रीसाठी" पुन्हा टिक् काढायची नाही. थांबलेल्या बोल्टला हलवायला सरकत्या बोल्टपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे रेंच बोल्ट न हलताच टिक् करतो. त्यातून बोल्ट फार ढिला नाही एवढंच कळतं. तो बरोबर आहे की जास्त झालाय, हे नाही. काम संपल्यावर मूठ स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, त्याच्याही खाली सैल करायची नाही.

मानकाप्रमाणे वर्षभरात किंवा ५,००० वापरांनंतर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन तपासायचं. घरच्या कामात ५,००० कुणाचे होत नाहीत. मी मधूनमधून घरीच पडताळते: ड्राइव्हचा चौकोन शिकंज्यात आडवा पकडायचा, दांडा जमिनीला समांतर, आणि चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर २० किलो वजन झटका न देता टांगायचं. त्याचे होतात ९८ न्यूटन-मीटर, आणि रेंचच्या स्वतःच्या वजनाचे वर दोन-तीन. ९६ वर लावलेला रेंच टिक् करायला हवा, १०६ वर लावलेला गप्प राहायला हवा. माझा अजून तसाच वागतो.

रेंचला ५ पैकी ४ तारे. एक तारा त्या दुहेरी स्केलने खाल्ला. डायलला १, तोही एन ५२ च्या बोल्टांसाठी. हीच वस्तू डायलशिवाय मिळत असेल तर तशी घ्या, आणि वाचलेल्या पैशांत कॅलिपर आणि पेंटचा मार्कर बसवा. बोल्ट मात्र मॅन्युअल म्हणेल तेव्हा नवेच.